सेवानिवृत्त, तरी अल्पवयीन

माझ्या हातून झालेला घोळ सांगतो, पण एक अट आहे. मधे मधे हसायचं नाही. शेवटी एकदाच काय ते हसून घ्या. हप्त्याहप्त्याने हसलेलं मला सोसत नाही.

तर वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी अल्पवयीन झालो.

मनाने नव्हे हो. मनाने झालो असतो तर कुणाला कळलंही नसतं. रीतसर झालो. तसा लेखी निर्णय मला मिळाला, त्यावर माझ्या आईची संमती घेण्यात आली, आणि आज तुमच्यासमोर बसलोय तो पालकांच्या देखरेखीखालचा इसम म्हणून बसलोय.

सुरुवात डोळ्यापासून झाली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. वाशीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. घरी मी सांगितलं, "दहा मिनिटांचं काम. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" शेजारीही तेच सांगितलं, बुद्धविहारातही तेच. माझी बायको सुनंदा कौतुकाने म्हणाली, "तुम्हाला बाई कशाचं काही वाटत नाही."

वाटत होतं. खूप वाटत होतं. डोळा उघडा ठेवणार, त्यात हत्यार घालणार आणि मी जागा असणार. यातला कुठला भाग तुम्हाला धीर देतो, सांगा. पण मी एकोणचाळीस वर्षं कचेरीत लिपिक होतो. आपल्या मनातलं कागदावर येऊ द्यायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. म्हणून दुपारी सुनंदा आणि आई आडव्या झाल्या की मी फोन घेऊन गॅलरीत बसायचो आणि शोधायचो. मोतीबिंदूचं ऑपरेशन दुखतं का. मोतीबिंदूचं ऑपरेशन किती दुखतं. ऑपरेशन चालू असताना शिंक आली तर काय करतात.

वाचून भागेना. मग प्रत्यक्षच बघावं म्हटलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, संपूर्ण शस्त्रक्रिया येथे पाहा. दाबलं. पांढरं पान उघडलं आणि त्यावर एकच वाक्य: सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानुसार हे संकेतस्थळ रोखण्यात आले आहे.

मला घाम फुटला. तुम्हाला नसता फुटला, कारण तुम्ही कचेरीत नव्हता. 'सक्षम प्राधिकारी' हे शब्द मी नोकरीत हजारो वेळा टंकले. तो कोण, कुठे बसतो, दुपारी डबा खातो का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याच्या नावाने आदेश निघाला की भलेभले घरी बसतात, हे पाहिलेलं होतं. त्या साइटवर डोळ्यांखेरीज आणखी काय काय उघडं ठेवलं होतं, कुणास ठाऊक. माझं बोट मात्र तिथे पडलं होतं. म्हणजे कुठेतरी माझ्या नावाची फाईल उघडली असणार. आणि एकदा उघडलेली फाईल बंद होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी स्वतः किती बंद केल्या नव्हत्या.

तीन दिवस फोन कपाटात, शालीखाली. दाराची बेल वाजली की मी शर्ट चढवून तयार. येणारा इस्त्रीवाला निघायचा.

पण ऑपरेशनची तारीख काही थांबत नव्हती. चौथ्या दिवशी धीर केला. या वेळी आडवाटेला गेलो नाही. सगळं जग जिथे व्हिडिओ बघतं, तिथेच गेलो. शस्त्रक्रिया सापडली. दाबली, तर समोर पाटी: हा व्हिडिओ सर्व प्रेक्षकांसाठी योग्य नाही. आपले वय सिद्ध करा.

माझं वय सिद्ध करायला पुरावा कशाला हवा? उठताना गुडघा वाजतो तो ऐकवला असता. पण त्यांना दोनच गोष्टी चालत होत्या. ओळखपत्र, नाहीतर चेहरा.

ओळखपत्र देणं शक्य नव्हतं. एक तर त्या सक्षम प्राधिकाऱ्याची भीती. आणि दुसरी अडचण म्हणजे मी स्वतः. दोनच महिन्यांपूर्वी विहारातल्या रविवारच्या सभेत मी 'आपली माहिती, आपला हक्क' या विषयावर पाऊण तास बोललो होतो. आधारची प्रत कुणाला देऊ नका. दिलीच तर तिच्यावर आडवी रेघ मारून कारण आणि तारीख लिहा. आलेला ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका. टाळ्या पडल्या होत्या. घरात फोन चार्जिंगला लावतो तिथे भिंतीवर तशी सूचनाच चिकटवलीय, खाली सहीसकट. माझ्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर सुनंदाची टिकली लावलीय, कुणी परस्पर घरात बघू नये म्हणून. अशा माणसाने आधार द्यायचा?

राहिला चेहरा. पण टिकली काढायला मन धजेना. मी भाबडेपणाने चेहरा धरायचा आणि त्यांनी मागच्या दोरीवरचे कपडे मोजायचे. शिवाय डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळे स्क्रीनवरची ती चेहऱ्याची फिकट चौकट मला धड दिसतही नव्हती. तेवढ्यात माझं कारकुनी डोकं चाललं. चेहरा मागतात, म्हणजे काय मागतात? फोटो. आणि फोटो म्हणजे पासपोर्ट साइज. तो माझ्याकडे डबाभर आहे.

हे जरा समजून घ्या. नोकरीला लागताना सेवापुस्तकावर चिकटवायला मी फोटो काढला होता. तेव्हाच भरपूर प्रती करून घेतल्या, आणि पुढे जिथे जिथे फोटो लागला तिथे तोच लावला. कचेरीत तोच ग्राह्य धरत, कारण तो सेवापुस्तकाशी जुळायचा. माझ्याशी जुळेनासा झाला होता, पण माझ्याशी कोण ताडून बघतो? वय एकोणीस, मिसरूडही फुटलेलं नाही, अंगात फोटोवाल्याचा कोट, आणि त्या कोटात मान कुठे सुरू होते ते कळत नाही.

मागच्या कॅमेऱ्याने त्या फोटोचा फोटो काढला आणि धाडून दिला. सवयीने खाली 'सत्यप्रत' लिहिणार होतो, जागा नव्हती.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. आपले अंदाजे वय तेरा ते सोळा.

खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. आत जाऊन आरशातही बघून आलो.

परत आलो तो पुढचं पान उघडलेलं. आपण अल्पवयीन असल्याचे आढळले आहे. आपले खाते मर्यादित करण्यात येत आहे. चौदा दिवसांत वयाचा पुरावा अथवा पालकांची संमती न मिळाल्यास खाते आणि त्यातील सर्व सामग्री कायमची काढून टाकण्यात येईल.

मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कारण त्याच खात्यात माझ्या आईच्या ओव्या होत्या.

आई अठ्ठ्याऐंशीची आहे. मंडणगडकडच्या आमच्या गावी तिने जात्यावर बसून आयुष्यभर ओव्या म्हटल्या. काही ऐकलेल्या, पुष्कळशा स्वतःच्या मनच्या. मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षं रोज सकाळी तिच्यासमोर फोन धरून त्या भरून घेतल्या. एकशे बारा झाल्या. आता त्यातल्या चारही तिला धड आठवत नाहीत. एखादी सुरू करते आणि दुसऱ्या ओळीला माझ्याकडे बघत राहते. आवाजही बसलाय. म्हणजे त्या ओव्या आता जगात एकाच ठिकाणी होत्या, आणि त्या ठिकाणाने मला पंधरा वर्षांचा ठरवलं होतं.

दुसरी प्रत का ठेवली नाही? विचारा, विचारा. जन्मभर लोकांना 'अर्ज तीन प्रतींत सादर करा' म्हणून परत पाठवणारा मी. घाईघाईने उतरवून घ्यायला गेलो, तर मर्यादित खात्यासाठी ही सोय उपलब्ध नाही.

आमच्या ऐरोलीत सगळे ओळखतात, म्हणून रिक्षा करून दिघ्याला गेलो. तिथे रस्त्यालगत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं एक दुकान आहे. चालवणाऱ्या म्हात्रे वहिनी तिथल्या जुन्या गावातल्या. पन्नाशीच्या असतील, चष्मा कायम कपाळावर.

"या काका, बसा. भाषनवाले सकपाल काका ना तुमी?"

मी दचकलो. "तुम्ही मला कशा ओळखता?"

"मी कुठं ओलखते, माझी गिऱ्हाइकं ओलखतात. आधार मागितला की बोलतात, सकपाल काकांनी द्यायला नाय सांगितलंय. तुमच्यामुलं माझा झेरॉक्सचा धंदा बसला."

मी आवाज खाली आणून सगळं सांगितलं आणि फोन पुढे केला. त्यांनी चष्मा नाकावर ओढला. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोनकडे बघितलं.

"फोटो कुनाचा टाकला?"

"माझाच."

"कधीचा?"

"नोकरीला लागलो तेव्हाचा."

"मग सिस्टीम खोटं नाय बोलत काका. आधार द्या, दोन मिन्टात तुमाला मोठं करते."

"आधार देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आनि आईच्या ओव्या गेल्या तर? तत्त्व गानार हाय काय?"

मी विचारलं, "दुसरा काही मार्ग?"

"हाय ना. पालकाची परवानगी. आई हाय ती बरीये ना तब्येतीनं?"

"बरी आहे."

"मग विचारा आईला. पालकाचा नंबर टाकायचा, त्याच्यावर ओटीपी येतो. तो भरला की पालकानं संमती दाबायची. पन फोन टचवाला पायजे."

मागे रांगेत उभी असलेली एक बाई हे सगळं ऐकत होती. तिने मला 'बाळा' म्हणून खाऊ दिला नाही, एवढंच.

आईकडे बटणांचा फोन. मग परतीच्या रिक्षात अर्जात पालक म्हणून नाव आईचं लिहिलं, नंबर सुनंदाचा दिला आणि दाराशी येऊन अर्ज धाडला. घरी पोचून पायातली चप्पल काढतोय तोच सुनंदाचा फोन वाजला.

"सुनंदा, तुझ्या फोनवर एक आकडा आलाय. जरा सांग."

"कसला आकडा?"

"सहा आकडी. लवकर सांग, दहा मिनिटंच चालतो."

तिने बघितलं आणि फोन छातीशी धरला. "हा ओटीपी आहे."

"हो."

"कोण बोलताय आपण?"

"अगं, मी बोलतोय. समोर उभा आहे."

"समोर उभे राहूनसुद्धा फसवतात. तुम्हीच म्हणालात विहारात. सख्ख्या भावालाही सांगायचं नाही."

"मी भाऊ नाही तुझा."

"नवऱ्याला सांगा असंही कुठे म्हणालात?" तिने भिंतीकडे बोट केलं. "ही सूचना वाचा. खाली सही कुणाची आहे?"

सही माझी होती. स्वच्छ, वळणदार, तारखेसकट.

"कशाला हवाय ते सांगा, मग देते."

"आईचं काम आहे."

हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. अशा वाक्यांवर माझी एकोणचाळीस वर्षं गेली आहेत.

शेवटी तिने फोन आपल्याच हातात ठेवून एकेक आकडा वाचला. प्रत्येक आकड्यानंतर थांबून ती माझा चेहरा बघायची, की याच्यात काही बदल होतोय का.

आता आई. तिच्या वतीने मीच संमती दाबली असती, तर कुणाला कळणार होतं? पण दुसऱ्याच्या नावाने सही कधी केली नाही, आणि मरेपर्यंत करणार नाही. आईच्या कॉटवर बसलो.

"आई, एक परवानगी पाहिजे."

"कसली रं?"

"फोन वापरायची."

"वापर की. मी कधी नाय म्हटलं?"

"तसं नाही. इथे दाबून द्यावी लागते. अंगठा टेकव जरा."

इथे चुकलो. ती ताठ बसली.

"अंगठा? मी अंगठा देत नाय. रातच्या वर्गाला जाऊन सही शिकले मी. तू मांडीवर होतास, एका हातानं तुला थोपटायची नि एका हातानं गिरवायची. पेन आण."

"फोनवर पेन चालत नाही आई."

"मग कागद आण."

"कागद त्यांना चालत नाही."

"मग मला अंगठा चालत नाय."

दहातली सात मिनिटं गेली होती, आणि संमतीही तेवढ्यातच दाबायची होती. मी म्हटलं, "बोट टेकव. पुस्तकाचं पान उलटतेस ते. ते काही अंगठ्यात धरत नाहीत."

तिने विचार केला. "आधी वाचून दाखव. न वाचता सही करू नये, तूच सांगतोस."

मी वाचलं. "मी या बालकाची पालक असून, त्याने ही सेवा वापरण्यास माझी संमती आहे."

आई माझ्या टकलाकडे बघत राहिली. "बालक कोण?"

"मी."

"आणि असं काय बघायचंय तुला, की आईला विचारावं लागतंय?"

काय सांगणार? डोळ्याचं सांगितलं असतं तर भीती उघडी पडली असती. म्हटलं, "तुझ्या ओव्या आहेत त्यात. नाही दाबलंस तर सगळ्या जातील."

"माझ्या? त्यात हायत?"

"एकशे बारा."

"मग आधी बोलायचं नाय का," म्हणाली, आणि फोन गादीत रुतेल इतक्या जोराने बोट दाबलं.

संमती प्राप्त झाली आहे. खातं उघडलं. गडबडीत पहिली सापडली ती ओवी तशीच सुरू झाली. आईचा तो जुना, भरलेला आवाज खोलीत घुमला. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बरी म्हणते बाई. कुठली रं ही?"

त्याच संध्याकाळी तीन प्रती काढल्या. एक घरात, एक ठाण्याला मुलीकडे, एक विहाराच्या कपाटात.

इथे थांबलो असतो तर आज हा किस्सा नसता. पण शस्त्रक्रियेचा तो व्हिडिओ काही उघडेना. पालकांची संमती असली तरी बालकाला तसलं दाखवत नाहीत. म्हणून तो आठवडाभर मी दुपारी गॅलरीत बसून नुसताच शोधत राहिलो. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, थोडं वेगळ्या शब्दांत विचारलं. विचारायला काय जातं? मी आणि माझा फोन, तिसरं कोण होतं?

रविवारी सकाळी आम्ही तिघं पोहे खात होतो. सुनंदाचा फोन वाजला.

"अहो, हे काय आलंय? आपल्या पाल्याचा साप्ताहिक अहवाल."

मी मान बशीत घातली.

"पाल्याने या आठवड्यात शोधलेले विषय," ती वाचायला लागली. मग तिने चष्मा लावला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन दुखतं का, एकोणतीस वेळा. डोळा उघडा ठेवल्यावर हत्यार दिसतं का, अकरा वेळा. ऑपरेशनच्या टेबलावरून उठून जाता येतं का, सहा वेळा."

"दे इकडे तो फोन," मी म्हटलं.

तिने खुर्ची मागे सरकवली. "थांबा, अजून आहे. बायकोला न कळवता ऑपरेशन पुढे कसं ढकलावं."

आई पोहे चावत ऐकत होती. "कुणाचं पोर गं हे? लई घाबरट दिसतंय."

"आपलंच आहे," सुनंदा म्हणाली.

मी उठलो. कपाटातून आधार कार्ड काढलं. आडवी रेघ नाही, कारण नाही, तारीख नाही, दोन्ही बाजूंचा फोटो काढून त्या कंपनीला पाठवून दिला. साता समुद्रापलीकडच्या माणसाला माझी जन्मतारीख कळली तर कळू दे. तो काही सकाळी माझ्यासमोर पोहे खायला बसत नाही. सक्षम प्राधिकाऱ्यालाही एक प्रत द्यायला मी तयार होतो.

उत्तर लगेच आलं. आपले वय पडताळण्यात आले असून आपण प्रौढ असल्याचे आढळले आहे. मी श्वास सोडला. मग खालची ओळ वाचली. हे खाते पालकांच्या देखरेखीखाली असल्याने बदलासाठी त्यांची मंजुरी आवश्यक आहे. तशी विनंती त्यांना पाठवण्यात आली आहे.

टेबलावर सुनंदाचा फोन वाजला.

"आपल्या पाल्यास प्रौढ म्हणून मान्यता द्यावी का," तिने सावकाश वाचलं. "होय. नाही. नंतर विचारा."

तिने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं.

"आधी डोळ्याचं होऊ दे," आई म्हणाली. "कसा वागतो ते बघू, मग ठरवू."

सुनंदाने 'नंतर विचारा' दाबलं. आणि आपला गोपनीय अहवाल कुणाच्या हातात आहे हे नेमकं कळल्यावर कुठलाही लिपिक जे करील तेच मी केलं. तिघांच्या बश्या उचलल्या आणि घासायला घेतल्या.